‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ : फॅक्टरीच का, कंपनी का नाही?

प्रश्न : दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, यावरच्या परेश मोकाशींच्या २००९ च्या चित्रपटाच्या नावातली ‘फॅक्टरी’ ही दिग्दर्शकाची गंमत, की फाळक्यांच्या काळातलाच शब्द?

— त्या काळातलाच. सिनेमात काम करणं तेव्हा अब्रूला बट्टा होता. म्हणून ‘हरिश्चंद्र नावाच्या माणसाच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं घरीदारी सांगा, ही दादासाहेबांचीच नटांना सूचना होती. ‘कंपनी’ म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला नाटक कंपनीच आठवली असती, आणि लपवायचं तर तेच होतं. गिरण्यांच्या मुंबईत फॅक्टरीतल्या नोकरीची चौकशी कोण करणार!

— पण ती निव्वळ थाप नव्हती. फाळक्यांच्या दादरच्या बंगल्यात खरोखरच कारखाना चाले. कच्ची फिल्म बिनभोकांची यायची, म्हणून १९१२ मध्ये लंडनला विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही घ्यावं लागलं. ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीला (फ्रेमला) दोन्ही कडांना चार-चार भोकं. फुटात सोळा चौकटी, म्हणजे फुटामागे १२८ भोकं. हे काम सरस्वतीबाई अंधारात करत, कारण उजेड लागला की फिल्म वायाच. दोन भोकांतलं अंतर ४.७५ मिमी. ते कमी-जास्त झालं की फिल्म पुढे ओढणारी कॅमेऱ्याची नखं भोकात नीट बसत नाहीत आणि पडद्यावर चित्र थरथरतं. फारच चुकलं तर कड फाटते. निगेटिव्ह झाली की पडद्यावर दाखवायच्या पॉझिटिव्हच्या फिल्मलाही पुन्हा तशीच भोकं! धुणं, छापणं, जोडणं वेगळंच.

— पुढे तो शब्द टिकला नाही. १९१८ मध्ये नाशिकला खुद्द फाळक्यांचीच ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली. कोल्हापूरच्या ‘महाराष्ट्र’ आणि ‘प्रभात’ या दोघीही ‘फिल्म कंपनी’च. ‘स्टुडिओ’ आपल्याकडे जागेपुरता.

— याच धाग्यात ‘रीळ’ही घ्या. एक रीळ साधारण हजार फुटांचं. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) चार रिळांचा, ३,७०० फूट. त्याची लांबी ‘४० मिनिटं’ अशी सर्रास छापतात. तो हिशेब सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे बोलपटाचा. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला एक फूट. या वेगाने तोच चित्रपट ६२ मिनिटांचा होतो! शिवाय हात कमी-जास्त चालायचा. मूकपटाची लांबी फुटांतच लिहावी.