१९७५ची सहाय्यक कामं: तुमचा पहिला नंबर कुणाचा?

कोथिंबीरवडी

धागा काढण्यास कारण की, दिवाळीच्या फराळाला ताईकडे गेले होते. भावोजींनी चिवड्याचा बकाणा भरता भरता जाहीर केलं, ‘१९७५चं सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर दीवारसाठी शशी कपूरला दिलं, ते अगदी योग्य होतं.’ मी म्हटलं, ज्याला गाणी आहेत, ज्याला नायिका आहे, ज्याचा चेहरा पोस्टरवर हातभर मोठा आहे, तो सहाय्यक कसा? हे म्हणजे नवरदेवाच्या भावालाच वाढपी म्हणण्यासारखं झालं. डबा रिकामा झाला तरी वाद संपला नाही, म्हणून इथे आणलाय.

नियम थोडेच. सिनेमा १९७५चा हवा, हिंदी किंवा मराठी. नायक-नायिका बाद. आणि नुसता नंबर टाकून पळायचं नाही. ते काम तुमच्या डोक्यात कधी, कुठे, कशामुळे बसलं तेही सांगायचं.

सुरुवात माझ्यापासून. माझा पहिला नंबर ओम प्रकाश, चुपके चुपके. माझे सासरे मराठीचे शिक्षक. पत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांखाली लाल रेघ ओढून पत्र परत पाठवणारा माणूस! लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांच्या शेजारी बसून टीव्हीवर हा सिनेमा पाहिला. धर्मेंद्र ड्रायव्हर होऊन नको तितकं शुद्ध हिंदी झाडतोय, सगळं घर लोळतंय, आणि सासरे मात्र गंभीर. त्यांचं लक्ष धर्मेंद्रकडे नव्हतंच, ओम प्रकाशकडे होतं. शेवटी म्हणाले, ‘त्या गृहस्थाचं भाषेवर खरं प्रेम आहे, म्हणून तो फसतोय.’

त्यानंतर जेव्हा जेव्हा सिनेमा पाहिला तेव्हा मी पण बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे बघत आले. विनोद धर्मेंद्रच्या वाक्यात असतो, पण हसू फुटतं ते ओम प्रकाशच्या कपाळावरच्या आठीला. राग आलाय, पण व्याकरणात चूक सापडत नाही म्हणून गप्प बसावं लागतंय. हा चेहरा मी आमच्या घरी २२ वर्षं पाहिला. बायकोच्या भूमिकेत आपली उषा किरण आहे, तिच्याकडेही लक्ष ठेवा. ती नुसत्या नजरेने त्याची हवा काढते.

लॅमिंग्टन रोड

ओम प्रकाश चांगलाच, पण माझा पहिला नंबर रामलाल. नाव पटकन आठवत नसेल तर तेच त्या कामाचं यश समजा. सत्येन कप्पू, शोले.

मिनर्व्हाला पाहिला तेव्हा मी १९ वर्षांचा. ७० एमएमचा पडदा आणि नाण्यांचा तो खणखणाट! पुढे पाच वर्षांवर तो तिथेच होता. मी निदान १५ वेळा पाहिला असेल. त्या १५ वेळांत रामलाल मला एकदाही दिसला नाही. गब्बर, जय, वीरू, बसंतीची घोडी, सगळे दिसले.

तो दिसला २००८ साली. वडिलांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. सकाळी त्यांची दाढी, बटणं, नाडी, चष्मा, सगळं माझ्याकडे. वडील कडक माणूस, मदत मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे त्यांनी मागायच्या आत हात पुढे करायचा आणि केला असं दाखवायचं नाही, हे शिकायला मला सहा महिने लागले. मग एका रविवारी टीव्हीवर शोले लागला आणि ठाकूरच्या मागे उभा असलेला माणूस पहिल्यांदा दिसला. अर्धा सिनेमा होईपर्यंत ठाकूरला हात नाहीत हे आपल्याला कळत नाही. शालीचं श्रेय सगळे देतात. पण मालकाच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून हा जो माणूस वावरतो, तीच खरी शाल. ठाकूरच्या बुटांना खिळे ठोकणाराही तोच. सूड ठाकूरचा असला तरी हातोडी रामलालच्या हातात आहे.

त्याच वर्षी ह्याच सत्येन कप्पूने दीवारमध्ये तो कामगारनेता बाप केलाय, सही करून मान खाली घालून घर सोडून जाणारा. दोन्ही कामं एकाच माणसाची हे मला माझ्या मुलीने सांगितलं. मी सिनेमाचा शौकीन म्हणवतो!

तंबूवाला

आमच्या वडिलांचा टुरिंग टॉकीज होता. जत्रेजत्रेला तंबू, पुढे जमिनीवर बसणारे, मागे खुर्च्या, मधोमध दोरी, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. मशीन एकच. म्हणजे रीळ बदलेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या. मी गेटवर असायचो. माझी क्रमवारी लावायची पद्धत वेगळी आहे: कोण पडद्यावर आलं की माणसं बिडी प्यायला उठतात, आणि कोण आलं की उठलेली परत बसतात.

गाणं लागलं की उठायची. हिरो-हिरोईन एकमेकांना समजावू लागले की उठायची. पांडू हवालदार आमच्याकडे बऱ्याच वर्षांनी, जुन्या प्रिंटवर आला. दादा कोंडके असले की कुणी उठत नाही हे धरूनच चाललं होतं. पण त्यांच्याबरोबरचा तो दुसरा हवालदार, सखाराम, अशोक सराफ, तो आला की उठलेली माणसं धोतराचा सोगा धरून परत बसायची. दादांसमोर उभं राहून हशा मिळवणं सोपं नाही. दादा समोरच्याला वाक्य पुरं करू देतील तर ना! हा पठ्ठ्या दादांच्या वाक्याच्या शेपटीला लटकून स्वतःचा हशा काढायचा. तेव्हा ते बँकेत नोकरीला होते म्हणे, हे नंतर कळलं. वडील म्हणायचे, ‘ह्या हवालदाराला बढती मिळणार.’ मिळालीच.

माझा पहिला नंबर अशोक सराफ. दुसरा कुणी नाही, गेटवरून तेवढाच सिनेमा दिसायचा.

पांढरी काठी

मी हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझे बाबा अंध होते. शाळेतल्या मुलांना हे कळल्यावर मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून एक जण मान तिरकी करून शोलेतल्या अंध रहीम चाचाचा, म्हणजे हंगलसाहेबांचा, तो ‘इतना सन्नाटा क्यूँ है भाई’ हा प्रश्न विचारायचा. वर्ग फुटायचा. मी पाचवीत होते. मला त्या नटाचा इतका राग होता की शोले लागला की मी उठून जायचे. आता तर त्या वाक्याचे विनोद मोबाईलवर रोज येतात.

सिनेमा नीट पाहिला तो कॉलेजात, बाबांच्या सोबत. बाबा अर्थात ऐकत होते. तो प्रसंग आला. घोड्यावरून अहमदचं प्रेत आलंय, सगळं गाव गोळा झालंय आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही. बाबा म्हणाले, ‘थांब, आवाज वाढव.’ मग म्हणाले, ‘बरोबर केलंय ह्याने. माणसं असून आवाज नसला की आम्हाला आधी भीती वाटते, मग आम्ही विचारतो. तो भीती वाटल्यावर विचारतोय.’

इतकंच. माझा पहिला नंबर ए. के. हंगल. ते वाक्य विनोदात वापरणाऱ्यांवरचा राग मात्र गेलेला नाही.

उसाचं चिपाड

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. त्याच प्रसंगात हंगल म्हणतात ना, बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा ह्याहून मोठं ओझं नाही. आणि त्याच वर्षी मराठीत सामना आला, त्यात आरती प्रभूंचं गाणं आहे, ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’. एकाच वर्षात दोन भाषांत खांदा आणि ओझं. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही.

मी सांगली जिल्ह्यातली. सामना शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लागला होता. गल्लीत टीव्ही आमच्याकडेच, त्यामुळे २५-३० माणसं. वडील एका साखर कारखान्यात कारकून. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव पडद्यावर बोलू लागला तसे बाप्ये खूश, ‘असाच बोलतो, असाच!’ कोण ते कुणी बोललं नाही. मग मास्तर झालेले श्रीराम लागू विचारत सुटतात, मारुती कांबळेचं काय झालं? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. हळूहळू आमच्या खोलीतलं हसणं थांबलं. एक जण चप्पल शोधायच्या निमित्ताने उठला. वडिलांनी सिनेमा संपायच्या आधी खिडकी लावून घेतली.

निळूभाऊंना सहाय्यक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ते नायकाच्या बरोबरीचे आहेत. माझा नंबर मोहन आगाशे. मारुती कांबळे म्हणून ते पडद्यावर थोडाच वेळ आहेत, पण अख्खा सिनेमा त्यांच्या नसण्यावर उभा आहे. आता गंमत बघा. त्याच वर्षी श्याम बेनेगलांचा निशांत आला, तोही सामना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनीच लिहिलेला. त्यात हेच आगाशे जमीनदाराचे भाऊ, मास्तरच्या बायकोला पळवून नेणाऱ्यांतले. म्हणजे एकाच वर्षी एकाच लेखकाने ह्या माणसाला एकदा चिरडलेला आणि एकदा चिरडणारा केलं. अमरीश पुरी निशांतमध्ये सगळ्यात मोठा भाऊ आहेत आणि बसल्या जागेवरून दहशत घालतात, ते मान्य. पण दोन्ही टोकं एका अंगात, हे आगाश्यांचंच.

सुशेगाद

मडगांवहून. सगळे बाप्येच का? सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर त्या वर्षी ज्यूलीसाठी नादिराला होतं आणि ते मात्र चोख होतं. माझी आंट मुंबईत वांद्र्याला राहायची. हिंदी सिनेमात ख्रिश्चन बाई म्हणजे फ्रॉक, ग्लास आणि तोडकंमोडकं हिंदी, ह्याचा तिला भयंकर संताप. ज्यूलीतही ते सगळं आहेच. ती तोंड वाकडं करूनच बसली होती. पण मुलगी लग्नाआधी गरोदर आहे हे कळल्यावरची नादिरा बघून आंट म्हणाली, ‘हां, आमच्या मम्मीने पण हेच केलं असतं. आधी लोक काय म्हणतील, मग पोरगी.’ त्यानंतर तिने फ्रॉकबद्दल तक्रार केली नाही. कोथिंबीरवडी, तुमचा ओम प्रकाश इथे नादिराचा नवरा आहे बरं का, पिणारा पण मायाळू. आंधीतही आहे, लल्लूलाल. त्या वर्षी ह्या माणसाने झोप कधी घेतली?

कात्री

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, म्हणून ह्या बाजूने लिहितो. शोलेला फिल्मफेअर मिळालं ते एकच, संकलनाचं, एम. एस. शिंदे ह्यांना. आपल्या सचिनच्या अहमदचा मृत्यू शूट झालेला होता, तो कापला. सिनेमात काय दिसतं? गब्बरच्या हातावर एक मुंगी चालतेय, तो ती चिरडतो. पुढे थेट घोडा. सचिनचं काम कापल्यामुळे वाढलं असं माझं मत आहे. त्याला विचारलं तर तो मान्य करील का, माहीत नाही. मी एकदा नवऱ्याच्या आत्याचा रडतानाचा दोन मिनिटांचा शॉट चार सेकंदांवर आणला. मला तो अप्रतिम वाटला. आत्या आजतागायत त्या घरी येत नाहीत.

तर सांबा पहिला. मॅक मोहनला अख्ख्या सिनेमात एखाद-दुसरं वाक्य आणि आजही चार पोरं दगडावर बसली की एकाला सांबा म्हणतातच. कालिया दुसरा, आपला विजू खोटे. ह्यात भाऊबंदकी आहे, मान्य.

धाकटा

कोथिंबीरवडी, तुमच्या भावोजींच्या बाजूने मी एकटाच दिसतोय.

शशी कपूर अमिताभपेक्षा वयाने चार वर्षांनी मोठा. आणि त्याला धाकट्याचं काम करायचंय, तेही असं की सगळी टाळी थोरल्याने घ्यावी. धाकटं असणं म्हणजे काय ते सांगतो. आम्ही दोघं भाऊ. वडील लवकर गेले. दादाने दहावी सोडून गिरणीत बदली कामगार म्हणून काम धरलं, मी शिकलो आणि विक्रीकर खात्यात लागलो. आई माझ्याकडे राहिली, कारण माझ्याकडे दोन खोल्या होत्या.

दीवार आम्ही दोघांनी एकत्र पाहिला तो फार उशिरा, माझ्या घरी, कॅसेट भाड्याने आणून. आई स्वयंपाकघरात. पुलाखालचा तो प्रसंग आला. गाडी, बंगला, आणि मग शशी ते चार शब्द बोलतो, ‘मेरे पास माँ है’. इतकी वर्षं मला ते वाक्य विजयाचं वाटायचं. त्या दिवशी शशीकडे बघितलं. तो जिंकल्यासारखा बोलतच नाही. हलक्या आवाजात, जवळजवळ ओशाळून बोलतो. मी दादाकडे बघितलं नाही. आईने आतून विचारलं, ‘चहा ठेवू का रे दोघांना?’

म्हणून माझा पहिला नंबर शशी.

कोथिंबीरवडी

धाकटा, भावोजींना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते जिंकल्यासारखे वागले नाहीत, म्हणजे त्यांनाही कळलं असावं. नियम मात्र मी बदलणार नाही, शशी यादीबाहेरच. तुमच्या दादांचा नंबर कुणाचा, ते विचाराल का?

धाकटा

काल फोन केला. दादा म्हणाला, ‘शशीबिशी मला काय आठवत नाही. तो मास्तर आठवतो.’ मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, दीवारमधले हंगल. पाव चोरून पळणाऱ्या पोराला इन्स्पेक्टर झालेला शशी पायात गोळी घालतो, मग खायला घेऊन त्याच्या घरी जातो. पोराची आई त्याला शिव्या घालते, आणि बाप, निवृत्त मास्तर, उलट त्याचीच माफी मागतो. चोरी ती चोरीच, म्हणतो.

मी म्हटलं, ‘पाच मिनिटांचं काम आहे रे ते.’

दादा म्हणाला, ‘तू पाचवीत असताना मी पण एकदा बेकरीतनं पाव उचलला होता.’ मग म्हणाला, ‘ठेवतो, नातू आलाय.’