विषय: मायोरी ते मिनोरी, लिंबांच्या वाटेने (मे महिन्यातली सहल)

प्रेषक: अनघा
१० मार्च

मंडळी, नमस्कार.

मागच्या बैठकीत मेमधल्या सहलीचं काम मी अंगावर घेतलं होतं. ठिकाण नक्की केलं आहे. दक्षिण इटलीतला अमाल्फीचा किनारा, पण अमाल्फी किंवा पोझितानोच्या गर्दीत शिरायचं नाही. आपण मायोरीला उतरून मिनोरीपर्यंत चालायचं. ही दोन गावं अगदी शेजारी, मधे डोंगराची एक सोंड समुद्रात उतरलेली. तिच्यावरून लिंबाच्या बागांमधून जुनी पायवाट जाते, सेन्तिएरो देई लिमोनी, लिंबांची वाट. खालचा मोटारीचा रस्ता एकोणिसाव्या शतकातला. तो होण्याआधी या दोन गावांतली माणसं, खेचरं आणि लिंबं याच वाटेने जायची-यायची.

वाट जेमतेम दोन-अडीच किलोमीटरची, पायऱ्या सुमारे ४००. मायोरीत सान्ता मारिया आ मारे या चर्चपाशी चढ सुरू होतो, मधे तोर्रे नावाची वाडी लागते आणि मिनोरीत सान्ता त्रोफिमेनाच्या चर्चजवळ आपण खाली उतरतो. नुसतं चालायचं तर तासाभराचं काम. पण आपल्याबरोबर वाटाड्या म्हणून तिथल्याच एका बागेच्या मालकीणबाई येणार आहेत. त्यांच्या बागेत थांबायचं, चाखायचं, असं धरून साडेतीन तास ठेवले आहेत. माणशी ४० युरो, दहा वर्षांखालच्या मुलांना निम्मे.

मिलानोहून सालेर्नोला थेट गाडी आहे. स्टेशनाजवळच्या धक्क्यावरून मायोरीला बोट मिळते. बसने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रस्ता वळणावळणाचा आणि अरुंद आहे, ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतील. बोटीतून डोंगरावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा समोरून दिसतात, तेही डोळ्यांत साठवण्यासारखं आहे.

नावं २५ मार्चपर्यंत कळवा.

अनघा

---

प्रेषक: शिरीष
११ मार्च

अनघाताई, कल्पना फार आवडली. दोन गोष्टी विचारतो.

एक, वाट सार्वजनिक आहे, फुकट आहे, पाट्याही लावलेल्या आहेत. मग माणशी ४० युरो कशाला? आमच्यासारख्या चौघांच्या घराला ही रक्कम लहान नाही. खाली मिनोरीत पोचल्यावर ज्याला जे हवं ते विकत घेऊन खाता येईल.

दोन, आई येणार आहे. तिचे गुडघे चढाला ऐकतात, उताराला नाही. ४०० पायऱ्या म्हणजे काय प्रकार आहे?

शिरीष

---

प्रेषक: मीनल
११ मार्च

माझ्या सासूबाई नाशिकहून एप्रिलमध्ये येत आहेत, त्यांनाही आणायचं आहे. त्या अंडंसुद्धा खात नाहीत. 'स्थानिक चाखणं' यात त्यांच्या वाट्याला काय येईल ते आधीच सांग ना अनघा, म्हणजे मी दशम्या बांधून घेईन.

मीनल

---

प्रेषक: अनघा
१२ मार्च

मीनल, दशम्या आण, सगळ्यांना पुरतील इतक्या आण! आता एकेक सांगते.

बागेत आधी लिंबू येतं, नुसतं. इथल्या जातीचं नाव स्फुसातो. फुसो म्हणजे सूत काढायची चाती. फळ तसंच, दोन्हीकडे निमुळतं, म्हणून हे नाव. साल जाड, तिच्याखालचा पांढरा गर भरपूर, बिया फार थोड्या. फोड करून सालीसकट खायची, वर साखर नाहीतर मीठ. पांढरा भाग कडू लागेल म्हणून मी पहिल्यांदा काढायला गेले होते, तेव्हा बाईंनी माझा हात धरला. तो कडू नसतो, काकडीसारखा करकरीत लागतो. मग त्याच लिंबाची कोशिंबीर येते, पुदिना, मीठ, थोडी मिरची घालून. लसूण आपल्याला नको असेल तर घालणार नाहीत. सासूबाईंना हे सगळं चालेल.

पुढे लिंबाच्या पानांत धरून भाजलेलं प्रोव्होला चीज. पान खायचं नाही, त्याचा वास चीजमध्ये उतरतो. हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवा. मात्र इथलं चीज बहुधा वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं, त्यामुळे सासूबाईंना ते देऊ नका. मिनोरीत न्दुंदेरी मिळतात, रिकोटा आणि पिठाचे उकडलेले गोळे, त्यांच्यातही अंडं आणि तसलंच चीज असतं. देलित्सिआ अल लिमोने हा लिंबाचा घुमटासारखा केक सगळ्यांना हवाच असतो, त्यात अंडं असतं आणि पाकात लिमोनचेल्लो, म्हणजे मद्य. मुलांसाठी ते लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी लिंबाचा बर्फगोळा, ग्रानिता, सांगून ठेवला आहे. आणि एक धोक्याची जागा: शेजारच्या चेतारा गावातला कोलातुरा हा खारवलेल्या मांदेलीसारख्या माशांचा अर्क शेवयांवर, भाज्यांवर शिंपडतात. दिसत नाही, म्हणून जेवताना आधी विचारायचं.

शिरीष, पायऱ्या एकसलग नाहीत. मायोरीकडून चढ जरा अंगावर येतो, तोर्रेपाशी सपाटी आहे, बसायला कठडे आहेत. मिनोरीकडचा उतार पायऱ्यांचाच आहे. आईंनी उलटं करावं असं मला वाटतं. तू आणि त्या बोटीने मिनोरीला उतरा, तिथून चढून तोर्रेपर्यंत या, आम्ही तिथे भेटू. परत जाताना उतार टाळता येणार नाही, पण काठी आणि हाताला माणूस असला की होईल.

पैशांबद्दल मी उद्या सविस्तर लिहिते.

अनघा

---

प्रेषक: वसंतकाका
१२ मार्च, रात्री

अनघा, पैशांबद्दल तू लिहू नकोस, मला लिहू दे.

शिरीष, तुझं म्हणणं चुकीचं नाही, वाट फुकटच आहे. पण ती वाट ज्या भिंतींवर उभी आहे, त्या फुकट उभ्या नाहीत.

मी गुहागरकडचा. आमच्या घरापासून खाली समुद्रापर्यंत पाखाडी होती, जांभ्याच्या पायऱ्यांची. दोन्ही अंगांना गडगे, त्यांच्या आत आगर. ज्यांनी कोकण पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, गडगा म्हणजे चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून रचलेली भिंत. मी २०११ साली मायोरी-मिनोरीच्या वाटेने पहिल्यांदा गेलो तेव्हा पाच मिनिटांतच थबकलो. ही आमचीच पाखाडी होती! जांभ्याऐवजी चुनखडी, पोफळीऐवजी लिंबू, पण गडगा तोच. तिकडे त्याला माचेरा म्हणतात.

या भिंतीत कौशल्य कुठे आहे? तिच्या फटींत. उतारावर माती धरून ठेवायची, पण पाणी धरून ठेवायचं नाही. पाऊस पडला की पाणी फटींतून झिरपून खालच्या टप्प्यावर जातं. फटी चोंदल्या, वर रान माजलं, कोणी दगड सारखे केले नाहीत, की माती पाणी पिऊन फुगते, भिंतीला पोट येतं, आणि एखाद्या रात्री ती बसते. वरची बसली की तिचा राडारोडा खालचीवर. माझ्या आजोबांचा नियम होता, गडग्याचा एक दगड पडलेला दिसला तर त्याच दिवशी उचलून ठेवायचा, उद्या चार पडतील.

तिकडच्या डोंगराला पाणी काय करतं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. २५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री सालेर्नो आणि या किनाऱ्याच्या पूर्व भागावर पाऊस कोसळला, ३०० हून अधिक माणसं गेली. मायोरीचं फार नुकसान झालं.

आता हे टप्पे राखायला काय लागतं ते पाहा. यंत्र जात नाही. झाडं चेस्टनटच्या वाशांच्या मांडवावर चढवलेली, आपल्या द्राक्षांच्या मांडवासारखी. वासे वरच्या त्रामोंतीसारख्या गावांतल्या जंगलातून येतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. फांद्या वाळुंजीच्या ओल्या काड्यांनी बांधतात. हिवाळ्यात वारा आणि गारा लागू नयेत म्हणून वर पूर्वी डहाळ्यांचं छप्पर घालत, आता काळी जाळी. ती घालायला माणूस त्या वाशांवरूनच चालतो, खाली कडा आणि समुद्र. 'उडते शेतकरी' असं म्हणतात त्यांना. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी चालते आणि माल अजूनही बऱ्याच ठिकाणी खांद्यावरून खाली येतो.

पूर्वी हे ओझं बायका वाहायच्या. फोर्मिकेल्ले, म्हणजे छोट्या मुंग्या, हे त्यांचं नाव. पन्नास-पंचावन्न किलोची टोपली पाठी-खांद्यावर, पायऱ्या उतरून किनाऱ्यावरच्या गलबतापर्यंत, दिवसातून कितीतरी खेपा. ती लिंबं दर्यावर्दी लोक स्कर्व्ही होऊ नये म्हणून नेत. त्या बायकांना मुंग्या का म्हणत असतील ते पायऱ्या चढताना आपोआप कळतं.

२००१ पासून या लिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आपल्या हापूसला २०१८ मध्ये मिळालं तसं. पण मानांकनाने दगड उचलला जात नाही. बाजारात स्वस्त लिंबं येतात, मुलं नोकरीला जातात, टप्पे ओस पडतात. बागवाल्याला लिंबाच्या भावाबरोबर चार पैसे पाहुण्यांकडून मिळाले तर तो टिकतो. आपले ४० युरो हे चीज आणि सरबताचे नाहीत, ते गडग्याचे आहेत.

आमच्या पाखाडीला असं कोणी मिळालं नाही. आम्ही भावंडं मुंबई, पुणे, इकडे पांगलो. गेल्या खेपेला गेलो तर निम्म्या पायऱ्या रानाखाली होत्या.

ज्यांना रक्कम जड वाटते त्यांच्यापैकी दोन कुटुंबांचे मी देईन. कोण ते अनघालाच ठाऊक असू दे.

वसंत

---

प्रेषक: शिरीष
१३ मार्च

काका, आमची चार नावं घाला, पूर्ण रकमेने. तुमचा देकार दुसऱ्या कोणाला उपयोगी पडू दे. मी हा विचार केलाच नव्हता.

शिरीष

---

प्रेषक: मीनल
१९ मे

मंडळी, सहल होऊन तीन दिवस झाले, अजून पिशवीला लिंबाच्या पानांचा वास येतोय. आले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते.

आम्ही २३ जण होतो. बाग अशी काही असते हे मला माहीतच नव्हतं. वरून जाळी आणि पानं, खाली हिरवा अंधार, आणि डोक्याच्या उंचीवर पिवळी लिंबं लोंबतायत. एकाच फांदीवर फूल, हिरवं फळ आणि पिकलेलं फळ. सासूबाई आत शिरल्या आणि चपला काढून उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं पाय दुखतात, त्यांनी खुर्ची आणली. मी सांगितलं, आमच्याकडे असंच असतं. मग बाईही काही बोलल्या नाहीत, खुर्ची तिथेच ठेवली.

लिंबाची फोड सगळ्यांत जास्त सासूबाईंनी खाल्ली. म्हणाल्या, हे आपलं लिंबू नव्हे. खरंच आहे, आपलं कागदी लिंबू ही वेगळी जात, कागदासारखी पातळ साल म्हणून कागदी. तिथे कोपऱ्यात डोक्याएवढी खडबडीत फळं लागली होती, मुलं 'महालिंबू' म्हणून फोटो काढत सुटली. बाई म्हणाल्या चेद्रो, आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर म्हाळुंग! अंबाबाईच्या हातातलं!" कोल्हापूरच्या देवीच्या उजव्या हातात असतं तेच फळ. मी बाईंना फोनवर देवीचा फोटो दाखवला. त्यांनी एक म्हाळुंग तोडून सासूबाईंच्या ओंजळीत ठेवलं, पैसे घेतले नाहीत. ते आता आमच्या देवघरात आहे.

शिरीषच्या आई मिनोरीकडून चढून तोर्रेला आमच्या आधी पोचल्या होत्या. कठड्यावर बसून दशम्यांचा डबा कधी येतो याची वाट पाहत होत्या. उतरताना दोन नातवंडं दोन बाजूंना आणि मधे दर वीस पायऱ्यांवर विसावा.

आणि काका. बागेच्या वरच्या टप्प्यावर भिंतीचा एक कोपरा ढासळला होता. बाईंचा भाऊ तो रचत होता. काका इटालियन फारसं बोलत नाहीत, पण त्यांनी एक दगड उचलला, फिरवून पाहिला, पुन्हा ठेवला, दुसरा घेतला आणि बसवला. भावाने तो हलवून पाहिला. हलला नाही. मग अर्धा तास दोघं एक शब्द न बोलता काम करत होते. आम्ही न्दुंदेरी खायला खाली गेलो तरी काका आले नाहीत, शेवटी अनघा त्यांना घ्यायला परत वर चढली.

मीनल

---

प्रेषक: वसंतकाका
२० मे

हात दुखतायत, पण बरं वाटतंय.

धाकट्या भावाला काल फोन केला. पावसाआधी दोन गडी लावून पाखाडीवरचं रान काढायला सांगितलं आहे. तुटलेल्या पायऱ्या किती ते मोजून तो कळवणार आहे. गणपतीला मी जाईन तेव्हा तीन आठवडे राहतो.

वसंत

---

प्रेषक: अनघा
२१ मे

हिशोब सोबत जोडला आहे, ६२ युरो उरले, ते दिवाळी अंकाच्या खात्यात टाकते.

बाईंनी आपल्याला पाच किलो लिंबं दिली होती, त्यातली चौदा माझ्याकडे आहेत. मी आठांचं गोड लोणचं घातलं आहे. साल जाड असल्यामुळे फोडी नेहमीपेक्षा लहान केल्या आणि आठवडाभर नुसत्या मिठात मुरवणार आहे, गूळ त्यानंतर. ही लिंबं कमी आंबट आहेत, तेव्हा गूळ बेताने घालेन. उरलेली सहा ज्यांना हवी त्यांनी शनिवारच्या आत सांगा.

काका, पायऱ्यांचा आकडा आला की इथे लिहा.

अनघा