गाठ संपवायची की काबूत ठेवायची? बोंडअळीवरून सुचलेलं

वणीचा कास्तकार
बाबांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर औषध आधी छान लागू पडलं, मग त्याच औषधाला गाठ दाद देईना. घरचे म्हणाले, औषध नकली. मला गुलाबी बोंडअळी आठवली. बीटी म्हणजे अळीसाठीचं विष झाडातच असलेली कपाशी. तिच्या सरकीच्या 450 ग्रॅमच्या थैलीसोबत नॉन-बीटीचं, म्हणजे बिनविषाच्या कपाशीचं, 120 ग्रॅमचं पाकीट यायचं. ते कडेने पेरायचं, म्हणजे त्यावर साध्या अळ्या जगतात अन् विष पचवणाऱ्यांशी त्यांची जोडी जमते. आम्ही ते न पेरताच बांधावर फेकून द्यायचो. साध्या अळ्या उरल्याच नाहीत, विष पचवणाऱ्या आपसात वाढल्या. गाठीतल्या पेशीही एकसारख्या नसतात, त्यांच्यातही निवड होते, औषधाला न जुमानणाऱ्या चिवट तेवढ्या उरतात. कॅन्सरचे संशोधक पीटर नॉवेल यांनी हे 1976 मध्येच मांडलं. मग सगळं मारायच्या नादात चिवट पेशींना वावर मोकळं काहून करून द्यायचं? अमेरिकेत फ्लोरिडात डॉ. रॉबर्ट गेटनबींच्या चमूने पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये पीएसए (गाठीचा अंदाज देणारा रक्ततपासणीतला आकडा) निम्म्यावर आला की औषध थांबवलं, पुन्हा मूळ आकड्यावर गेला की सुरू केलं. माझ्या मते हाच रस्ता बरोबर आहे.

आर्वीची सिस्टर
भाऊ, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण अळीला जोडीदार लागतो, कॅन्सरची पेशी एकटीच दुभंगते. पाकिटाचा हिशेब इथे बसत नाही. अन् लवकर सापडलेली गाठ पूर्ण काढता येते, तिथे काय राखायचं? हे वाचून कोणी किमो अर्ध्यात सोडली तर? आमच्या वॉर्डात असे परत येतात, अन् तोवर उशीर झालेला असतो.

वणीचा कास्तकार
जोडीचं मान्य, ताई. पण जागेसाठी झटापट तर होतेच. साध्या पेशी चिवटांना दाबून धरतात. अन् मी फक्त पसरलेल्या कॅन्सरबद्दल बोलून राहिलो, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत.

दारव्ह्याचा मास्तर
वय झालं की पेशी बिघडणारच. 2018 च्या अभ्यासात तर निरोगी माणसांच्या अन्ननलिकेतही मध्यम वयात नॉच-1 जनुक बदललेल्या पेशींनी बरीच जागा व्यापलेली दिसली. मग तोंडाच्या कॅन्सरचा सगळा दोष खर्ऱ्यावरच, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोट्यावरच, का टाकतात?

आर्वीची सिस्टर
सर, त्या पेशी पसरल्या होत्या, पण तो कॅन्सर नव्हता. कोणती पेशी वरचढ होते, हे भोवतालची जमीन ठरवते, अन् खर्रा ती जमीनच बिघडवते. परवा तिशीतला पोरगा आला. तीन बोटं उभी तोंडात घाल म्हटलं, दोनही जाईनात. गालाची आतली कातडी पांढरी, दोरीसारखी ताठ. खिशात खर्ऱ्याची पन्नी होतीच. त्याला वयाचं कारण कसं सांगू?