डेस्कटॉपसाठी हार्ड ड्राइव्ह घ्यायचा आहे. कोणत्या कंपनीवर विश्वास ठेवावा?

पंचवटीकर:

नमस्कार. वडिलांनी काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रांच्या निगेटिव्ह मी गेल्या चार वर्षांत स्कॅन केल्या. त्या, आणि २०१५ च्या सिंहस्थात, विशेषतः २९ ऑगस्टच्या शाहीस्नानाला रामकुंडाच्या परिसरात मी स्वतः काढलेली छायाचित्रे, असे सगळे माझ्या डेस्कटॉपमधील २ टीबीच्या एकाच हार्ड ड्राइव्हवर आहे. गेल्या आठवड्यापासून त्या ड्राइव्हमधून मधूनच टक-टक आवाज येतो आणि काही फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागते. याआधीचा ड्राइव्ह तिसऱ्याच वर्षी बंद पडला आणि घरातल्या एका लग्नाची सर्व छायाचित्रे गेली, त्यामुळे या वेळी मला घाईने निर्णय घ्यायचा नाही. २०२७ च्या सिंहस्थाची छायाचित्रेही मावावीत म्हणून ४ टीबीचा विचार आहे. एका दुकानदाराने सीगेटच घ्या असे सांगितले, दुसऱ्याने वेस्टर्न डिजिटलशिवाय काही ठेवतच नाही असे सांगितले, तर तिसऱ्याने सीसीटीव्हीसाठी येणारा जांभळ्या लेबलचा ड्राइव्ह सर्वांत टिकाऊ असतो असे ठामपणे सांगितले. यांपैकी कोणाचे ऐकावे?

दुरुस्ती_कॅनडाकॉर्नर:

कंपनीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी निकडीचे सांगतो. टक-टक आवाज म्हणजे बहुधा ड्राइव्हचे हेड (चकतीवरची माहिती वाचणारा-लिहिणारा भाग) आपली जागा शोधताना अडखळत आहे, आणि अशा अवस्थेत तो ड्राइव्ह किती तास चालेल हे कोणीही सांगू शकणार नाही. त्यावर डिफ्रॅग किंवा चेकडिस्क अजिबात चालवू नका, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ही साधने संपूर्ण चकती पुन्हा पुन्हा चाळतात आणि उरलेले आयुष्य त्यातच संपते. कोणाकडून तरी एखादा बाहेरचा ड्राइव्ह आजच मागून घ्या आणि सर्वांत आधी २०१५ ची छायाचित्रे उतरवा. वडिलांच्या निगेटिव्ह घरात असतील तर त्या पुन्हा स्कॅन करता येतील. रामकुंडावरचा तो दिवस पुन्हा येणार नाही. हे झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची प्रकृती दाखवणारे मोफत साधन उघडून ०५, सी५ आणि सी७ या ओळींमधील आकडे येथे लिहा.

आता कंपनीविषयी. आज जगात हार्ड ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. आयबीएमचा हा व्यवसाय हिताचीकडे गेला आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. मॅक्सटर २००६ मध्ये आणि सॅमसंगचा विभाग २०११ मध्ये सीगेटने घेतला. फुजित्सूचा २००९ मध्ये तोशिबाकडे गेला. या तिघींच्याही इतिहासात उत्तम मॉडेले आहेत आणि फसलेलीही आहेत. बॅकब्लेझ ही साठवणूक सेवा देणारी कंपनी आपल्या लाखो ड्राइव्हची आकडेवारी २०१३ पासून जाहीर करते. २०२४ साली तिच्याकडील सर्व ड्राइव्हचे निकामी होण्याचे वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होते. तिचे तक्ते वाचताना ध्यानात येते की एकाच कंपनीची दोन मॉडेले एकमेकांपासून जितकी दूर असतात, तितक्या दोन कंपन्या नसतात. सीगेटचे ३ टीबीचे एक मॉडेल तेथे फार मोठ्या प्रमाणात निकामी झाले, पण त्याच कंपनीच्या ४ टीबीच्या मॉडेलने वर्षानुवर्षे चांगले काम दिले. म्हणून दुकानात कंपनीचे नाव सांगून थांबू नका, लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक मागा.

सातपूर_देखभाल:

मी सातपूरच्या एका कारखान्यातील संगणकांची देखभाल पाहतो. मॉडेल क्रमांक का मागायचा, एवढेच सांगतो. चकतीवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआर पद्धतीत प्रत्येक पट्टा शेजारच्यापासून स्वतंत्र असतो. एसएमआर पद्धतीत जुन्या वाड्याच्या छपरावरची कौले जशी एकमेकांवर थोडी चढवून बसवतात, तसे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच चकतीत अधिक माहिती मावते, पण मधले एक कौल बदलायचे झाले की त्यावर चढलेली कौलेही हलवावी लागतात. वाचताना फारसा फरक जाणवत नाही, मात्र शेकडो जीबी एकदम लिहिताना किंवा जुने खोडून नवे भरताना वेग काही वेळा इतका पडतो की ड्राइव्ह बिघडला असे वाटते. आपल्याला हवा असलेल्या ४ टीबीच्या आकारात सीगेट बाराकुडा आणि तोशिबा पी३०० हे दोन्ही एसएमआर आहेत, तर वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू मालिकेत दोन्ही प्रकार मिसळलेले असून फरक केवळ मॉडेल क्रमांकावरून कळतो. २०२० मध्ये त्याच कंपनीच्या रेड मालिकेतील काही ड्राइव्ह एसएमआर असल्याचे उघड झाल्यावर मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर सीएमआर ड्राइव्हना रेड प्लस असे वेगळे नाव मिळाले.

सिंहस्थाच्या एका दिवसात कच्च्या स्वरूपातील हजारो छायाचित्रे आपण उतरवणार असाल, तर मी सीएमआरच घेईन. सीगेट आयर्नवुल्फ, वेस्टर्न डिजिटल रेड प्लस किंवा तोशिबा एन३०० यांपैकी कोणताही चालेल. तिन्हींना तीन वर्षांची वॉरंटी आहे. साध्या बाराकुडाला, ब्लूला आणि पी३०० ला दोन वर्षांची आहे. जांभळ्या लेबलचा ड्राइव्ह वाईट नाही आणि संगणकात नीट चालतो, परंतु तो कॅमेऱ्यांचे चित्रण अखंड लिहीत राहण्यासाठी घडवलेला असतो. त्यामुळे तो अधिक टिकतो असे मानायला आधार नाही.

लेखा_कॉलेजरोड:

वरील सल्ल्यात एक बाब राहून गेली असे मला वाटते. आयर्नवुल्फ, रेड प्लस आणि एन३०० हे नॅससाठी, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र ठेवून नेटवर्कला जोडलेल्या पेटीसाठी बनवलेले आहेत. असे ड्राइव्ह वाचनात अडचण आली की साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात, कारण तेथे दुसऱ्या ड्राइव्हवर तीच माहिती असते असे गृहीत धरलेले असते. घरच्या संगणकात एकच ड्राइव्ह असेल तर त्याने अधिक वेळ प्रयत्न करणे आपल्या हिताचे असते. मग केवळ वॉरंटीचे एक वर्ष वाढते म्हणून अधिक पैसे का द्यावेत?

सातपूर_देखभाल:

आपला मुद्दा बरोबर आहे आणि तो मी सांगायला हवा होता. एकच प्रत ठेवणार असाल तर ७ सेकंदांची ही सवय गैरसोयीची ठरते. परंतु एकच प्रत ठेवावी, असे मी कोणालाही सांगणार नाही. वॉरंटीत बदली ड्राइव्ह मिळतो, आतली छायाचित्रे मिळत नाहीत.

पंचवटीकर:

सर्वांचे मनापासून आभार. मेहुण्यांकडून बाहेरचा ड्राइव्ह आणून रात्रभर प्रत केली. २०१५ चे फोल्डर जवळजवळ पूर्ण उतरले. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा दाखवते. ०५ समोर ८ आहे, सी५ समोर १८ आणि सी७ समोर शून्य.

दुरुस्ती_कॅनडाकॉर्नर:

ते साधन आकडे षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या आधाराने मोजण्याच्या) पद्धतीत दाखवते, म्हणून तुमचे १८ म्हणजे प्रत्यक्षात २४ होत. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेली सेक्टर (चकतीवरचे माहितीचे छोटे कप्पे), तर सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ड्राइव्हने संशयित म्हणून बाजूला ठेवलेली सेक्टर. सी७ शून्य असल्याने केबलचा दोष दिसत नाही. दोष चकतीचाच आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक ड्राइव्हचा अभ्यास मांडला होता. त्यात पहिली वाचन-त्रुटी आढळल्यापासून ६० दिवसांत ड्राइव्ह निकामी होण्याची शक्यता अशी त्रुटी नसलेल्या ड्राइव्हच्या तुलनेत ३९ पट आढळली. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक ड्राइव्हनी या प्रमुख आकड्यांमध्ये आधी काहीच दाखवले नव्हते. तुम्हाला इशारा मिळाला हे तुमचे भाग्य समजा. पुढच्या वेळी तो मिळेलच असे नाही.

म्हणून कंपनीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: दोन ड्राइव्ह घ्या आणि ते दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे घ्या. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले एकाच मॉडेलचे दोन ड्राइव्ह बहुधा एकाच खेपेतले असतात आणि खेपेत दोष असेल तर तो दोघांतही येतो. संगणकात सीएमआर ठेवा. बाहेरचा ड्राइव्ह एसएमआर असला तरी चालेल, कारण त्यावर एकदा लिहून तो कपाटात ठेवायचा असतो. ते कपाट शक्यतो दुसऱ्या घरातले असावे. दुकानात बिल घेण्यापूर्वी अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातील वॉरंटी दिसते का ते पाहा. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या ड्राइव्हपासून सावध राहा. २०२५ च्या सुरुवातीला हजारो तास चाललेले सीगेटचे ड्राइव्ह वापराची नोंद पुसून नवे म्हणून विकले गेल्याचे उघडकीस आले होते. ड्राइव्ह बसवल्यावर त्याचे जीपीटी (ड्राइव्हवरील विभागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) पद्धतीने विभाजन करा, नाहीतर २ टीबीपुढची जागा वापरता येणार नाही. त्यानंतर छायाचित्रे टाकण्याआधी संपूर्ण चकतीची एक चाचणी घ्या. ४ टीबीला सात-आठ तास लागतील. आणि वळवाच्या दिवसांत वीज वारंवार जाते तेव्हा संगणक यूपीएसवरच चालवा.

पंचवटीकर:

आज दोन्ही ड्राइव्ह आणले. संगणकात आयर्नवुल्फ ४ टीबी बसवला असून त्याची चाचणी दुपारपासून चालू आहे. बाहेरचा ड्राइव्ह तोशिबाचा घेतला. तो भरला की नाशिकरोडला बहिणीकडे ठेवणार आहे. जुन्या ड्राइव्हवरील एकूण ११ फाइली कोणत्याही प्रकारे वाचता आल्या नाहीत. त्यांतील दोन रामकुंडावरच्या आहेत, त्या गेल्याच असे धरतो. उरलेल्या नऊ वडिलांच्या निगेटिव्हच्या आहेत, आणि त्यांचा पत्र्याचा डबा मी माळ्यावरून आत्ताच खाली काढला आहे.