मदत हवी आहे: 'ग्रुप १८९०'मधले एस. जी. निकम

मंडळी, मी वेंगुर्ल्यात चित्रकलेचे वर्ग घेतो. दिवाळीनंतर मुलांसाठी 'ग्रुप १८९०' या बारा कलाकारांच्या गटावर छोटा कार्यक्रम करतोय. ऑक्टोबर १९६३, दिल्लीचं रवींद्र भवन, उद्घाटक नेहरू, कॅटलॉगला मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ यांची प्रस्तावना. एवढं गाजलेलं प्रदर्शन, आणि गटाचं ते एकमेव! (१८९० हे साल नव्हे. भावनगरच्या ज्या घरात बैठक झाली, त्याचा तो नंबर.)

बारा जणांपैकी स्वामीनाथन, आंबादास, जेराम पटेल, हिम्मत शाह यांची कामं पुस्तकांत भेटतात. निकमांचं मात्र यादीत नाव येतं आणि तिथेच संपतं. मुलांसमोर अकराच जण मांडायचे, हे मनाला पटत नाही.

इथलं वाचनालय पालथं घातलं, जे.जे.त शिकलेल्या दोन मित्रांना विचारलं, लिलावांचे जुने कॅटलॉगही चाळले. दिल्लीला जाणं जमणार नाही. कोकण रेल्वेने मुंबईला एक दिवस येऊ शकतो. विकत काही घ्यायचं नाही, मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल.

तर १९६३चा मूळ कॅटलॉग मुंबईत कुठे बसून पाहता येईल? आणि निकमांचं एखादं चित्र तुमच्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?