डिजिटल शिकता शिकता पुन्हा रोलकडे वळलात का? अनुभव सांगा

निवृत्तीनंतर काहीतरी नवीन शिकायचं म्हणून गेल्या दिवाळीत डिजिटल कॅमेरा घेतला. ॲपर्चर, शटर, आयएसओ जरा कुठे डोक्यात शिरायला लागलं, तेवढ्यात माहेरचं घर आवरताना बाबांचा जुना रोलचा कॅमेरा, याशिका इलेक्ट्रो ३५, सापडला. चामडी केसला डांबरगोळ्यांचा वास, पण आत काच लख्ख! २०० आयएसओचा ३६ फोटोंचा रोल भरला. वरचे पिवळा-लाल दिवे लागेनात, म्हटलं बल्ब गेले असतील. रोल धुऊन आला तर तलावपाळीवरचे उन्हातले फोटो झकास आणि नातीच्या बारशाचे सगळे कोरे. निगेटिव्ह काचेसारखी पारदर्शक. स्टुडिओवाला म्हणाला, "मॅडम, कॅमेरा गेलाय, शोकेसमध्ये ठेवा." बारसं डिजिटलवरही काढलं होतं म्हणून निभावलं.

तरी तलावपाळीचे ते आठ-दहा फोटो मी रोज बघतेय. असं उलटं वळण आणखी कुणी घेतलंय का? जमलं, फसलं, सगळं लिहा.

– ठाणे

*

ताई, कॅमेरा गेलेला नाही. त्याच्यात बॅटरी नाहीये, किंवा आहे ती मेलीय. हा याशिका बॅटरीवाचून गप्प बसत नाही, हीच गंमत. दाबलं की 'खट' होतं, फक्त प्रत्येक फोटो १/५०० सेकंदावर उडतो. उन्हात तुम्ही ॲपर्चर एफ ११ वर, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक, ठेवलं असणार. २०० च्या रोलला तिथे १/५०० जवळपास बरोबरच बसतं. घरात ट्यूबलाइटखाली लेन्स पूर्ण उघडली तरी १/३० हवं, म्हणजे प्रकाश मिळाला सोळावा हिस्सा. डिजिटलवर मॅन्युअल मोडला हेच आकडे लावून घरात एक फोटो काढा, काळाकुट्ट येईल. निगेटिव्हवर तेच उलटं, कोरं दिसतं.

मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची. ती बंद झाली. ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते, पण आकाराने लहान. अडॅप्टर मिळतो. मी मात्र पुठ्ठ्याची नळी आणि मागे चांदीच्या कागदाचा गोळा यावर दोन वर्षं काढली.

माझं स्वतःचं म्हणाल तर डिजिटल निकॉन डी३२०० आधी, रोलचा एफएम२ नंतर. जुनी ५० एमएम लेन्स दोन्हींवर बसते. डिजिटलवर तिच्याबरोबर प्रकाश मोजणारं मीटर चालत नाही, सगळं हाताने. प्रकाश अवघड असला की आधी डिजिटलवर एक काढून बघतो, मगच रोल खर्च करतो. निगेटिव्हही आता डिजिटलनेच कॉपी करतो: खाली एलईडी पॅनल, वर अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स. स्कॅनचे पैसे वाचले.

– पुणे

*

आमचा स्टुडिओच होता. वडील उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' माल वापरायचे, पासपोर्टच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने डाग मिटवायचे. मी लग्नं डिजिटलवर करायला लागलो आणि डार्करूममध्ये नारळ साठवले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नारळ बाहेर काढले आणि फिल्म डेव्हलप करायची टाकी धुतली.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुणं सोपं, असं व्हिडिओवाले सांगतात ते थंड मुलखातले. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवं आणि मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी ३१. घमेल्यात बर्फ, त्यात बाटल्या, हातात थर्मामीटर. १८ वर गेलं की उन्हात, २३ झालं की परत घमेल्यात. बायको म्हणाली, सरबत तरी करा त्या बर्फाचं. शेवटी नाद सोडला. आता २४ अंशांवर करतो आणि वेळ तेवढी कमी धरतो. माझ्या डेव्हलपरचा, डी-७६ चा, तक्ता फ्रिजवर चिकटवलाय. पाच मिनिटांच्या खाली मात्र जात नाही, डाग पडतात.

खरा छळ रिळाचा. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म रिळावर चढवायची, हाताला घाम, हवेत दमट. अर्ध्यात अडकते. ना पुढे ना मागे, आणि पिशवी उघडता येत नाही! आता पहाटे पाचला करतो, रीळ आधी ड्रायरने खडखडीत सुकवून. गेल्या पावसाळ्यात वाळत घातलेल्या निगेटिव्हचा कोपरा झुरळाने खाल्ला. फोटो शेजाऱ्यांचा होता, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

– रत्नागिरी

*

राजगड, तीन दिवस, ३६ फोटो. ३७, ३८, ३९ पण निघाले तेव्हा शंका आली. रोल दात्यांत अडकलाच नव्हता. मागचं झाकण लावलं की लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरतेय का बघा. फिरत नसेल तर तुम्ही हवेचे फोटो काढताय.

– सातारा

*

थोडा विरोधी सूर लावतो. रोल संयम शिकवतो वगैरे वाचून मीही रोलचा कॅमेरा घेतला. रोल, धुलाई, स्कॅन मिळून फोटोमागे चाळीसेक रुपये पडत होते. संयम नाही आला, कंजूषपणा आला. पोरगं समोर उड्या मारतंय आणि मी हिशेब करतोय, काढू की नको! सहा रोलनंतर कॅमेरा विकला. त्या पैशांत डिजिटलची बरी लेन्स आली, पश्चात्ताप नाही.

– नागपूर

*

परदेशातून येताना रोल चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, तिथला एक्स-रे फार जोरकस असतो. केबिनच्या नव्या सीटी मशीननेही धुरकटतात. पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासायची विनंती करा. मला एकदा नकार मिळाला, चार रोलवर गणपती विसर्जन होतं, चारही राखाडी.

– न्यू जर्सी

*

पुणेकर दादा, शनिवारी फोर्टात बोरा बाजार पालथा घातला. अडॅप्टर नाही, पण बॅटरी मिळाली. नातवाच्या वहीचा पुठ्ठा कापला, डब्यातला चांदीचा कागद चुरगळून मागे कोंबला. झाकण तीनदा निसटलं. मग मागचं बटण दाबलं आणि फ्रेमच्या आकड्यापाशी हिरवा उजेड पडला. आत्ता ट्यूबलाइटखाली बसलेय, लेन्स पाळण्याकडे धरलीय, पिवळा दिवा लागलाय. म्हणजे शटर हळू, हात हलवायचा नाही ना? कॅमेरा उशीवर टेकवलाय.

– ठाणे