आमच्या शाळेला सहावी-सातवी हवी, पण मैदान देऊन?

बालाघाटचा

बीड जिल्ह्यातलं, डोंगरातलं आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण वाद ताजा आहे आणि दोन्हीकडे माझीच माणसं आहेत.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला सहावी आणि सातवीचे वर्ग जोडायचे आणि त्यासाठी मैदानाच्या उगवतीकडच्या बाजूला तीन खोल्या बांधायच्या. दोन खोल्यांची मागणी जिल्हा वार्षिक योजनेत करायची. तिसरी ग्रामपंचायतीच्या अबंधित निधीतून, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या पैशातून, कमी पडेल ते लोकवर्गणीतून. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला.

का केला ते सांगतो. शाळा पहिली ते पाचवी, पट ११८, शिक्षक चार. पाचवी झाली की लेकरांनी शेजारच्या मोठ्या गावातल्या संस्थेच्या हायस्कूलमध्ये जायचं. डांबरी रस्त्याने साडेचार किलोमीटर, पायवाटेने नाला ओलांडून तीनच्या आत. एसटी सकाळी एकच, तीही शाळा भरायच्या दीड तास आधी. गेल्या वर्षी आमच्या सात मुली पाचवी पास झाल्या. त्यातल्या तीन आज हायस्कूलला जातात. दोघींना दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचं म्हणून आत्तापासूनच घरी ठेवलंय. एक धाकट्या भावाला सांभाळते. राहिलेल्या एकीचं काय चाललंय ते घरचे सांगत नाहीत, आणि आमच्या भागात त्याचा अर्थ काय होतो हे सगळ्यांना कळतं.

माझी मुलगी यंदा पाचवीत आहे. जुलैत मी तिला पायवाटेने हायस्कूलपर्यंत नेऊन पाहिलं. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. तिने चपला हातात घेतल्या, दप्तर डोक्यावर धरलं, आणि पलीकडच्या काठाला लागल्यावर मला विचारलं, "बाबा, रोज असंच?"

तेवढ्यासाठी मी हात वर केला. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही मनमोकळं लिहा.

खडूफळा

दादा, मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. मुलीचं वाचून गलबलून आलं. तरीही माझा या ठरावाला विरोध आहे.

खोल्या शिकवत नाहीत, शिक्षक शिकवतात. तुमच्या ठरावात शिक्षकाचा शब्द कुठे आहे? शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत ९१ ते १२० पटाला चार शिक्षक आहेत, ते तुमच्याकडे आहेत. सहावीपासून हिशेब बदलतो. विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र, यांना वेगवेगळे पदवीधर शिक्षक लागतात. ते ग्रामपंचायत देत नाही. ते संचमान्यतेतून, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यातून येतात, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. म्हणजे वर्ग आधी सुरू करा, पट दाखवा, मग पुढच्या वर्षी कधीतरी पद मंजूर होईल, मग त्या पदावर माणूस येईल. तोवर चार शिक्षकांनी सात वर्ग ओढायचे.

हे मी स्वतः भोगलंय. आधीच्या शाळेत असाच हौसेने सहावीचा वर्ग जोडला. दोन वर्षं पदवीधर शिक्षक आला नाही. तिसरी आणि सहावी एका खोलीत, मी एकटा. फळ्याच्या अर्ध्या भागावर अपूर्णांकांची बेरीज लिहायचो आणि दुसऱ्या अर्ध्यावर सातचा पाढा. तिसरीची पोरं पाढा म्हणायला लागली की सहावीची पोरं पेन खाली ठेवायची, कारण त्या आवाजात काही सुचायचंच नाही. त्यातला एक मुलगा आठवीत हायस्कूलला गेला आणि तिथल्या गणिताच्या सरांनी त्याला अपूर्णांक पहिल्यापासून शिकवले. त्याची ती दोन वर्षं मी परत कशी देणार?

आणखी एक. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय काढून वाचा. कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांची पदं त्याने अडचणीत आणली. त्या सप्टेंबरात राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजेवर गेले होते, त्यात ही मोठी मागणी होती. तुमची सहावी-सातवी मिळून किती लेकरं होतील?

बालाघाटचा

सर, यंदाची पाचवी १९ आणि सहावीत गेलेली १६. सगळी राहिली तर ३५.

खडूफळा

सगळी राहिली तर. दसऱ्यानंतर किती राहतात?

बालाघाटचा

खरं सांगायचं तर निम्मी. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की लेकरं आईबापाच्या कोयत्याबरोबर जातात. म्हणूनच गावात हंगामी वसतिगृह चालतं, आजी-आजोबांकडे राहून दोन वेळचं जेवण मिळतं. पण ते इथल्या शाळेत असणाऱ्या लेकरांना उपयोगी पडतं. सहावीतलं लेकरू दुसऱ्या गावच्या शाळेत गेलं की त्याला मागे ठेवायला आईबाप तयार होत नाहीत. सर, पट कमी होतो म्हणून वर्ग नको असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, वर्ग नाही म्हणून पट कमी होतो.

माळावरची

मी तुमच्याच जिल्ह्यातली, लेक आमच्या शाळेत खो-खो खेळते. मला खोल्यांबद्दल काही बोलायचं नाही, मैदानाबद्दल बोलायचंय.

उगवतीची बाजू म्हणजे सकाळच्या उन्हाची. आमच्या शाळेतही तीच बाजू अंगणवाडीच्या इमारतीला दिली, सहा वर्षांपूर्वी. खो-खोचा एक खांब त्या इमारतीच्या पायऱ्यांपासून हातभर अंतरावर आला. बाभळीचा खांब होता, पोरींनी हात घासून घासून गुळगुळीत केलेला. मागच्या वर्षी एक पोरगी खांबाला वळसा घालताना पायरीवर आदळली, हनुवटीला चार टाके पडले. त्यानंतर सरांनी खांबच काढून टाकला. आता पोरी मधल्या सुट्टीत ओट्यावर बसून असतात. मुलं गावाबाहेरच्या माळावर जातात, पोरींना कोण पाठवतं?

तुम्ही मुलींसाठी शाळा वाढवताय, तर मुलींना पळायला जेवढी एकच जागा गावात आहे ती त्यांच्याकडून काढून घेऊ नका. खडूफळा सरांनी कायद्याची अनुसूची सांगितली, त्याच अनुसूचीत मैदानही आहे. शिक्षकाएवढंच ते बंधनकारक आहे.

नाल्यापलीकडचा

शेजारच्या गावच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. आमच्या अशाच एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी कारकून आहे.

आजूबाजूच्या तीन वाड्यांनी एकामागून एक सहावी-सातवी जोडली. आमची पाचवी ते सातवीची एक-एक तुकडी गेली. दोन शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यांचं समायोजन ६० किलोमीटरवर झालं. त्यातले एक विज्ञानाचे. ते पाचवीपासून दहावीपर्यंत शिकवत होते, आता दहावीला विज्ञान शिकवायला तासिकेवरचा माणूस येतो. आणि त्या वाड्यांची लेकरं आठवीत आली ती शेवटी आमच्याकडेच, त्याच रस्त्याने, त्याच नाल्यातून. तुम्ही अडचण दोन वर्षं पुढे ढकलताय आणि पुढची शाळा तेवढी दुबळी करताय.

एकत्र मागायचं असेल तर नाल्यावर पूल मागा. शाळेच्या वेळेला एसटी मागा. पाचवीच्या पुढच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहेच. पास आहे आणि गाडी नाही, हे आगारात जाऊन दहा बायकांनी एकदा सांगितलं तर फरक पडतो.

रानजाई

नाल्यापलीकडच्या दादा, पूल मागूच. पण दोन वर्षं "पुढे ढकलली" असं म्हणताना जरा थांबा.

अकरा वर्षांची पोर आणि तेरा वर्षांची पोर यांत फार फरक असतो. अकरा वर्षांच्या पोरीला घरी बसवलं तर तिला आपल्याला काय हवंय हे सांगताही येत नाही. तेरा वर्षांची, सातवी शिकलेली, घरात हट्ट धरते. मी धरला होता. आमच्या वाडीत सातवीपर्यंत शाळा होती, एवढ्या एका गोष्टीवर मी आज नर्स आहे. आठवीत गेले तेव्हा मामाने जुनी सायकल दिली. आता सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवीपासूनच्या मुलींना सायकल मिळते. सहावीतल्या मुलीला ती मिळत नाही, आणि मिळाली तरी साडेचार किलोमीटरच्या घाटात तिचे पाय पुरणार नाहीत.

खडूफळा सर, तुमचं दुखणं खरं आहे. तरी एका फळ्यावर दोन वर्ग शिकलेली पोर आणि न शिकलेली पोर यांत मी पहिली निवडेन. तुमच्या त्या मुलाला पुढे अपूर्णांक आले ना? घरी बसलेलीला कुणी शिकवले असते?

खडूफळा

ताई, तुमच्यापुढे मी वाद घालत नाही. पण "काहीच नसण्यापेक्षा बरं" या वाक्यावरच जिल्हा परिषदेच्या शाळा वीस वर्षं चालवल्या गेल्या. गरिबाच्या लेकराला अर्धं शिक्षण पुरे, हे आपणच एकदा मान्य केलं की वरचे पूर्ण का देतील? माझी अट एकच आहे, पदवीधर शिक्षकाचा आदेश हातात पडेपर्यंत वर्ग सुरू करू नका. ठराव घ्या, पाठपुरावा करा, उपोषणाला बसायची वेळ आली तर मी सुट्टी टाकून येतो. पण रिकाम्या खुर्चीपुढे लेकरं बसवू नका.

तांड्यावरून

आमच्या तांड्याची वस्तीशाळा आहे, पहिली ते चौथी, ११ लेकरं. मूळ गावापासून दीड किलोमीटर. आमच्याही गावाने शाळा मोठी करायची ठरवलंय, म्हणून हा धागा वाचतोय.

आम्हाला भीती वेगळी आहे. २०२३ मध्ये समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी करायचं निघालं तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या जवळपास १५ हजार शाळांची यादी फिरली होती. तो विषय मिटला असं कुणी म्हणू नका. गावातली शाळा मोठी झाली, खोल्या वाढल्या, की वरून पहिला प्रश्न येतो, मग ही अकरा लेकरं तिकडेच का बसवत नाही? पहिलीतलं लेकरू सहा वर्षांचं असतं. कायद्याच्या नियमांत त्याच्या शाळेसाठी एक किलोमीटरच्या आतलं अंतर लिहिलंय. सहावीच्या मुलीचा नाला वाचवताना आमच्या पहिलीतल्या लेकराला रस्त्यावर काढू नका. तुमच्या गावाला तांडा असेल तर ठरावात एक ओळ घाला, वस्तीशाळा आहे तिथेच राहील.

बालाघाटचा

तांडा आहे. त्या ग्रामसभेला तांड्यावरचं कुणी नव्हतं, हे तुमचं वाचताना लक्षात आलं. सभा सकाळी झेंडावंदनानंतर लगेच झाली, तिकडची माणसं तेव्हा खुरपणीला होती. ही चूक आमची.

जुनीशाळा

परभणीकडचा आहे, बांधकामाचं थोडंफार कळतं. सगळे मैदान की खोल्या यावर भांडताय, एक विचारतो. तुमच्या शाळेत निजामकाळातल्या खोल्या आहेत का? दगडाच्या, वर पत्रे, कुलूप लावलेल्या?

बालाघाटचा

दोन आहेत. एकीत जुनी बाकं आणि तांदळाची रिकामी पोती, दुसरीची भिंत फुगलीय म्हणून दोरी बांधलीय. लेकरांना तिकडे जाऊ देत नाहीत.

जुनीशाळा

मग मैदानाला हात कशाला लावता? मराठवाड्यात अशा खोल्या गावोगाव पडून आहेत. निर्लेखन, म्हणजे खोली निकामी म्हणून कागदोपत्री काढून टाकणं, झाल्याशिवाय त्या पाडता येत नाहीत, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव कुणी हलवत नाही म्हणून नवीन बांधकाम नेहमी मोकळ्या जागेवर, म्हणजे मैदानावर येतं. त्या दोन खोल्यांच्या जागेवर जिन्यासकट दोन वर दोन बसतील, पाया तेवढा आधीपासून दुमजली धरायचा. जुन्या भिंतींवर मजला चढवू म्हणणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका, दगड-मातीच्या भिंती स्लॅब पेलत नाहीत. आणि रॅम्प विसरू नका. खालच्या खोल्या पहिली-दुसरीला, वर मोठे वर्ग.

वेळ जास्त लागेल. उपअभियंत्याचा दाखला, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. आमच्याकडे चौदा महिने गेले. पण मैदान राहिलं.

माळावरची

चौदा महिने लागू देत.

रानजाई

चौदा महिने म्हणजे त्यांच्या मुलीचं सहावीचं वर्ष गेलं, ताई.

बालाघाटचा

काल रात्री हे सगळं मुलीच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, खोल्या झाल्या तरी जूनमध्ये ती कुठे बसणार ते आधी सांगा. ग्रामपंचायतीचं सभागृह आठवड्यातून एकदा उघडतं, बाकीचे दिवस रिकामं. सरपंचांना सकाळी विचारलं, ते नाही म्हणाले नाहीत.

खडूफळा सर, तुमची अट मला पूर्ण मान्य करता येत नाही. आदेश हातात येईपर्यंत थांबलो तर ३० सप्टेंबरला दाखवायला पटच नसेल, आणि पट नसेल तर आदेश येणार नाही. हे कोडं तुम्हीच वर सांगितलंय. पण ठरावात पदवीधर शिक्षकांच्या मागणीची ओळ नव्हती, ती घालायला लावतो. वस्तीशाळेचीही. जागा बदलायची तर पुन्हा ग्रामसभा लागेल, २ ऑक्टोबरला आहे. या वेळी तांड्यावर जाऊन वेळ विचारून ठेवणार, आणि आदल्या दिवशीच्या महिला सभेत हा विषय आधी ठेवायला सांगितलाय.

बुधवारी पंचायत समितीत जातोय. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवला होता की नाही, तेच कुणाला माहीत नाही. शाळेच्या जावक नोंदवहीत दोन वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली, पुढे पोच लावलेली नाही.

घरोघर फिरून यादीही करतोय. आजपर्यंत २३ नावं झाली, त्यात मुली १३. त्या चार घरी बसलेल्यांपैकी दोघींच्या आयांनी अंगठा दिलाय. भावाला सांभाळणारी दारात उभी होती, तिने मला विचारलं, भावाला सोबत घेऊन बसलं तर चालेल का.